चार दिवसांत एसक्यूएल शिकवायचं, तर आधी ओळी मोजायला शिकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी करणाऱ्या वीसेक प्रौढांचा वर्ग आहे, सलग ४ दिवस, रोज ६ तास. एक्सेल सगळ्यांना येतं, प्रोग्रामिंग कुणालाच नाही. कोर्स संपल्यावर आपल्या कामाच्या डेटाबेसमधून हवी ती माहिती त्यांना एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने, स्वतः काढता आली पाहिजे (अशा लिहून विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात). मग काय शिकवावं, कुठल्या क्रमाने, आणि काय सोडून द्यावं?

असे वर्ग मी बरीच वर्षं घेते आहे. सुरुवातीला मी सगळं बसवायचे. टेबल तयार करण्यापासून सबक्वेरीपर्यंत प्रत्येक विषयाला दीड-दोन तास. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या क्वेरी चालायच्या आणि सगळे खूश होऊन घरी जायचे. अशाच एका वर्गानंतर दोनेक महिन्यांनी एका बाईंचा फोन आला. त्यांनी काढलेला अहवाल वरच्या साहेबांपर्यंत गेला होता आणि त्यातली बेरीज खऱ्या आकड्यापेक्षा बरीच मोठी निघाली होती. त्यांनी क्वेरी वाचून दाखवली. लिहिण्यात एकही चूक नव्हती. दोन टेबलं जॉइन केल्यावर, म्हणजे त्यांच्या जुळणाऱ्या ओळी एकमेकींना जोडल्यावर, ओळी वाढल्या होत्या आणि वाढलेल्या ओळींवर बेरीज झाली होती, एवढंच. जॉइन लिहायला मी त्यांना शिकवलं होतं, पण जॉइन झाल्यावर काय तपासायचं ते शिकवलं नव्हतं. त्या फोननंतर मी अभ्यासक्रम मुळापासून बदलला.

एसक्यूएलमध्ये एरर आला तर तो उपकारच समजा, कारण माणूस तिथे थांबतो. खरा धोका आहे तो बिनतक्रार चालणाऱ्या आणि चुकीचं उत्तर देणाऱ्या क्वेरीचा. क्वेरी लिहिता येणं आणि आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवता येणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि छोट्या कोर्समध्ये हमखास दुसऱ्याचा बळी जातो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की चारही दिवस दोन प्रश्नांभोवती फिरवा. या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? आणि क्वेरी चालवायच्या आधी, उत्तरात किती ओळी येतील? दुसऱ्या प्रश्नाचा अंदाज कागदावर लिहिल्याशिवाय कुणी क्वेरी चालवायची नाही, हा नियम मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते आणि शेवटपर्यंत पुसत नाही.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका उदाहरणावरून दाखवते. माझं वाचनालयाचं एक इवलंसं उदाहरण आहे. ते मी छापून प्रत्येकाच्या हातात देते, कारण स्क्रीनवर वरखाली करत बसलं की ओळींकडे लक्षच राहत नाही. सभासदांचं टेबल ५ ओळींचं, क्रमांक १ ते ५. प्रत्येकाला एका वेळी किती पुस्तकं नेता येतात त्या मर्यादेचा एक कॉलम आहे: अनुक्रमे २, २, ४, २, ४. देवघेवीचं टेबल ७ ओळींचं. त्यात सभासद १ च्या नावावर ३ देवघेवी, २ च्या नावावर २, ३ च्या नावावर १, आणि एका ओळीत सभासद क्रमांक कुणीतरी भरायचाच राहून गेलाय. सभासद ४ आणि ५ यांनी अजून एकही पुस्तक नेलेलं नाही.

आता विचारा: सभासद क्रमांकावर साधा इनर जॉइन (फक्त जुळणाऱ्या जोड्या ठेवणारा) केला तर किती ओळी? वर्गातून ५, ७, १२ आणि कधीकधी ३५ अशी उत्तरं येतात. सगळी फळ्यावर लिहा. लगेच बरोबर-चूक सांगू नका, पेन्सिलीने जोड्या लावायला सांगा. उत्तर ६ येतं: पहिल्याचे ३, दुसऱ्याचे २, तिसऱ्याचा १. मग सभासद डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन, म्हणजे डावीकडची जोडी न मिळालेली ओळही ठेवणारा. त्यात ४ आणि ५ यांच्या रिकाम्या जोड्या मिळून ८ ओळी होतात. हे हाताने केलेला माणूस पुढे कधीही दोन वर्तुळं एकमेकांत अडकवलेल्या चित्रावर विसंबत नाही. ते चित्र मी वर्गात आणतच नाही. कोण आत आणि कोण बाहेर एवढंच त्यातून कळतं, एका ओळीच्या तीन ओळी होतात हे त्यात कुठेच दिसत नाही. आणि सगळे घोटाळे तर तिथेच होतात.

पुढची पायरी माझी सगळ्यात आवडती. सगळ्या सभासदांच्या मर्यादांची बेरीज किती? सभासदांच्या टेबलावरून सरळ १४. आता हीच बेरीज लेफ्ट जॉइननंतर करायला सांगा. २० येते, कारण सभासद १ ची मर्यादा तीनदा मोजली गेली आणि २ ची दोनदा. इथपर्यंत सगळ्यांच्या लक्षात येतं. मग इनर जॉइननंतर करायला सांगा. उत्तर पुन्हा १४! वर्गात कुणीतरी म्हणतंच, म्हणजे इनर जॉइन बरोबर. ओळी मोजायला लावा. ४ आणि ५ गळाल्यामुळे ६ कमी झाले, १ आणि २ पुन्हापुन्हा आल्यामुळे ६ वाढले, आणि दोन चुका एकमेकींना झाकून गेल्या. हे आकडे मी मुद्दाम असे जुळवलेत. आकडा ओळखीचा आला म्हणजे क्वेरी बरोबर, ही समजूत इतक्या छोट्या टेबलावर मोडली की ती कायमची मोडते. या एका कोड्याला मी पाऊण तास देते आणि तो वेळ कमी करायला मी कधीही तयार होत नाही.

तुमचा वर्ग एक्सेलवाल्यांचा आहे म्हणून आणखी एक गोष्ट उघड बोलून दाखवा. एक्सेलमधल्या व्हीलूकअप या शोधून आणणाऱ्या सूत्राला पहिली जुळणारी ओळ सापडली की तो तिथेच थांबतो, त्यामुळे डाव्या तक्त्यातल्या ओळी कधीच वाढत नाहीत. वर्षानुवर्षं ते वापरलेला माणूस जॉइन म्हणजे मोठा व्हीलूकअप असं गृहीत धरून येतो, आणि शिक्षकही सोपं जावं म्हणून तसंच सांगतात. पहिल्या तासाला ही उपमा मदत करते, दुसऱ्या दिवशी तीच आड येते. त्यापेक्षा फरक आधीच सांगून टाका: जॉइन सगळ्या जुळणाऱ्या ओळी आणतो, पहिली पकडून थांबत नाही. पिव्होट टेबलाचं, म्हणजे एक्सेलमधल्या गटवार बेरजांच्या तक्त्याचं, मात्र उलट आहे. ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) शिकवताना त्याचा हात धरायला काहीच हरकत नाही. ओळींच्या रकान्यात टाकलेलं फील्ड म्हणजे ग्रुप बायचा कॉलम, आणि व्हॅल्यूजमध्ये टाकलेलं म्हणजे सम (बेरीज) किंवा काउंट (मोजणी). ही जोडी शेवटपर्यंत टिकते.

रिकाम्या जागा, म्हणजे नल. बहुतेक छोट्या कोर्समध्ये याला दहा मिनिटं मिळतात आणि इज नल (जागा रिकामी आहे का, ही अट) कसं लिहायचं ते सांगून विषय संपतो. मी पूर्ण एक सत्र देते, आणि तेही त्याच कागदावर. सभासद १ च्या देवघेवी मोजा: ३. सभासद १ सोडून इतरांच्या मोजा: ३. मिळून ६, पण टेबलात तर ७ ओळी आहेत. सातवी कुठे गेली? तिथे क्रमांकच नाही, त्यामुळे तो १ आहे का याचंही उत्तर ‘माहीत नाही’ आणि तो १ नाही का याचंही ‘माहीत नाही’. व्हेअर, म्हणजे क्वेरीतला ओळी गाळण्याच्या अटीचा भाग, फक्त ‘हो’वाल्या ओळी पुढे सोडतो. नल म्हणजे शून्य नाही, रिकामी अक्षरंही नाहीत, नल म्हणजे ‘माहीत नाही’, एवढं एक वाक्य पोटात गेलं की पुढचं आपोआप उलगडतं.

पुढचं म्हणजे हे. एकही पुस्तक न नेलेले सभासद शोधायला सांगितलं की निम्मा वर्ग नॉट इन वापरतो: ज्यांचा क्रमांक देवघेवीच्या यादीत नाही असे सभासद. वाचायला अगदी स्वच्छ. उत्तर येतं शून्य ओळी. ४ आणि ५ समोर कागदावर दिसताहेत आणि मशीन म्हणतंय कुणीच नाही. कारण तीच एक रिकामी जागा. ४ हा त्या यादीत नाही असं ठाम म्हणायचं, तर यादीतल्या प्रत्येकापेक्षा तो वेगळा असला पाहिजे, आणि ‘माहीत नाही’पेक्षा तो वेगळा आहे का हेच माहीत नाही. यावर उपाय म्हणजे नॉट एक्झिस्ट्स (जुळणारी एकही ओळ नाही, अशी अट), किंवा लेफ्ट जॉइन करून उजवी बाजू इज नल असलेल्या ओळी घेणं. प्रौढ माणसांना हे कोडं फार भिडतं. अर्धवट भरलेले फॉर्म ते रोज हाताळत असतात, आणि एका न भरलेल्या चौकटीने अख्खा अहवाल कोरा येऊ शकतो हे त्यांना पटवून द्यावं लागत नाही.

याच सत्रात दोन सापळे आणखी उरकून घ्या. लेफ्ट जॉइन करून सभासदानुसार काउंट करताना कंसात तारा (*) टाकला, तर ४ आणि ५ यांच्यापुढे १ येतो, कारण रिकामी असली तरी ओळ आहेच. देवघेव क्रमांकाचा कॉलम टाकला तर ० येतो. दुसरा सापळा: लेफ्ट जॉइन लिहायचा आणि देवघेवीच्या तारखेची अट व्हेअरमध्ये टाकायची. रिकाम्या तारखा त्या अटीत गळून पडतात आणि लेफ्ट जॉइनचा गुपचूप इनर जॉइन होऊन बसतो. अट ऑनमध्ये, म्हणजे जोड्या कशावर लावायच्या ते सांगणाऱ्या भागात, गेली पाहिजे. नोकरीत पाच-सहा वर्षं एसक्यूएल लिहिणाऱ्यांकडूनही ही चूक झालेली मी पाहिली आहे.

आता क्रमाबद्दल. पहिल्या दिवशी लिहायला लावण्याआधी वाचायला लावा. तयार क्वेरी द्या, उत्तर काय येईल ते सांगायला लावा. मग एकेक शब्द बदला आणि पुन्हा विचारा. दुपारपर्यंत कीबोर्डला हात न लावता व्हेअर आणि ऑर्डर बाय (उत्तर क्रमाने लावणं) सगळ्यांना समजलेलं असतं. त्याच दिवशी क्वेरी लिहिण्याचा क्रम आणि तिच्या अर्थाचा क्रम वेगळा असतो हे सांगा. लिहिताना सिलेक्ट (कुठले कॉलम दाखवायचे) सगळ्यात वर येतो, अर्थ लावताना मात्र आधी फ्रॉम (कुठल्या टेबलातून) आणि जॉइन, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग (गटांवरची अट), त्यानंतर सिलेक्ट आणि शेवटी ऑर्डर बाय. हे समजलं की व्हेअर आणि हॅविंग यांतला फरक पाठ करावा लागत नाही. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव बहुतेक डेटाबेसना व्हेअरमध्ये का ओळखता येत नाही, तेही कळतं.

आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली ही भाषा मांडली, तेव्हा संगणकतज्ज्ञ नसलेल्यांनाही ती वापरता यावी हा एक हेतू होता. साध्या इंग्रजी वाक्यासारखी तिची ठेवण त्यातूनच आली. मी हे वर्गात सांगते. ‘आम्ही टेक्निकल नाही हो’ म्हणत आलेल्या माणसाला ही भाषा आपल्याला डोळ्यांसमोर ठेवूनही बनवली गेली आहे हे ऐकून धीर येतो.

सॉफ्टवेअरमध्ये पहिला तास घालवू नका. वीस लॅपटॉपवर सर्व्हर इन्स्टॉल करायला गेलात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा, आणि ज्याचं इन्स्टॉल होत नाही त्याचा धीर तिथेच खचतो. ब्राउझरमधून उघडेल असा पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच उभा करता आला तर सर्वात उत्तम. नाही जमलं तर एसक्यूलाइट घ्या. त्यात अख्खा डेटाबेस एका फाइलीत असतो, सर्व्हर लागतच नाही. पण एसक्यूलाइट फार सोशिक आहे हे लक्षात ठेवा. ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये लिहिला तर तो तक्रार न करता गटातल्या कुठल्यातरी ओळीची किंमत उचलून देतो. पोस्टग्रेस तिथे अडवतो. मायएसक्यूएल हा आणखी एक डेटाबेस पूर्वी चालवून घ्यायचा, ५.७ या आवृत्तीपासून तोही मूळ सेटिंगमध्ये अडवतो. शिकणाऱ्याला अडवणारा डेटाबेस चांगला. एसक्यूलाइट वापरणार असाल तर ही चूक मुद्दाम करून दाखवा.

काय सोडायचं? टेबल तयार करणं, नॉर्मल फॉर्मची व्याख्या, इंडेक्स, राइट जॉइन, व्ह्यू, स्टोअर्ड प्रोसिजर. तुमच्या लोकांना माहिती काढायची आहे, डेटाबेस उभारायचा नाही. विंडो फंक्शनची शेवटच्या दिवशी एक झलक दाखवा. गटाची बेरीज प्रत्येक ओळीपुढे मांडता येते एवढं दिसलं तरी पुढे गरज पडली की ते स्वतः शोधतील. अपडेट (डेटा बदलणं) आणि डिलीट (पुसणं) शिकवू नका, पण एकदा दाखवा. सरावाच्या डेटाबेसवर बिगिन लिहून व्हेअरशिवाय अपडेट चालवा, सगळं टेबल बदललेलं पाहू द्या, आणि रोलबॅक करा, म्हणजे बिगिननंतरचे बदल मागे घ्या. मग सांगा की ऑफिसात आपल्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी मागून घ्यायची.

तारखांवर मात्र अर्धा तास काढाच. कामाच्या बहुतेक प्रश्नांत महिना किंवा वर्ष असतंच. कॉलममध्ये तारखेसोबत वेळही असेल आणि बिटवीनने १ ते ३१ तारीख मागितली, तर ३१ तारीख मध्यरात्री सुरू झाल्यानंतरचं, म्हणजे जवळजवळ त्या अख्ख्या दिवसाचं, सगळं गळतं. एक तारखेपासून पुढे आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आत, अशी अट लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मोठ्या माणसांना शिकवण्याबद्दल थोडं. ती मठ्ठ नसतात, धास्तावलेली असतात. आपल्या कामात ज्यांचा शब्द शेवटचा मानला जातो अशी माणसं इथे एका स्वल्पविरामावर अडतात, आणि शेजारचा तिशीतला मुलगा पुढे निघून गेलेला दिसतो. म्हणून मी पहिल्या तासाला स्वतः चुकीच्या क्वेरी चालवते आणि एररचा संदेश मोठ्याने वाचून त्याचा अर्थ लावते. एरर आला की बाकीच्यांनी तो वाचायचा, उत्तर सांगायचं नाही. जोड्या लावताना एक्सेलमध्ये पटाईत असलेला आणि कामातला जुनाजाणता असे दोघं एकत्र बसवते, कारण ‘हा आकडा इतका असूच शकत नाही’ हे जुन्याजाणत्यालाच आधी कळतं. कीबोर्ड मात्र दर वीस मिनिटांनी बदलायचा, नाहीतर चार दिवस एकच जण टाइप करत राहतो.

रोज सकाळी पहिली पंधरा मिनिटं लॅपटॉप बंद. कोरा कागद, आणि काल जे शिकलो त्यातल्या तीन क्वेरी आठवून लिहायच्या. वही उघडायची नाही. लोक कुरकुरतात, पण हे सोडू नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर सरशी झाली ती स्वतः आठवून लिहिणाऱ्यांची. छोट्या कोर्सची नेमकी हीच गोची असते: वर्गात सगळं येतंय असं वाटतं आणि आठवड्यात उडून जातं. तुमच्या हातात असेल तर सलग ४ दिवस घेऊच नका, २ आणि २ असे करा, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. त्या पंधरा दिवसांत लोक आपापल्या डेटावर अडतात, आणि दुसऱ्या फेरीला खरे प्रश्न घेऊन येतात.

हल्ली क्वेरी लिहून देणारी एआय साधनं सगळ्यांकडे असतात आणि ‘मग आम्ही हे शिकायचं कशाला’ असा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. तो टाळू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वाचनालयाच्या उदाहरणावर अशा साधनाकडून क्वेरी लिहून घ्या आणि वर्गाला तपासायला द्या. जॉइनने ओळी वाढल्या का, नल कुठे गळतो, उत्तराची एक ओळ म्हणजे काय. कधी ती क्वेरी निर्दोष निघते, कधी नाही. पण निर्दोष आहे असं ठामपणे म्हणता येण्यासाठी काय काय पाहावं लागलं, हे त्यांना स्वतःलाच दिसतं.

चौथा दिवस पूर्ण त्यांच्या प्रश्नांना द्या. प्रत्येकाने आपल्या कामातला एक प्रश्न आणायचा आणि संगणक उघडण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहायच्या: प्रश्न साध्या भाषेत, उत्तरातली एक ओळ म्हणजे काय, अंदाजे किती ओळी अपेक्षित आहेत, आणि आलेला आकडा दुसऱ्या कुठल्या मार्गाने पडताळता येईल. पहिल्या वर्गात मला वाटलं होतं की या कागदाला दहा मिनिटं पुरतील. तास लागला. ‘चालू ग्राहक किती’ असा प्रश्न आणलेल्या एका गृहस्थांना चालू म्हणजे नक्की कोण, हे लिहिता येईना. शेवटी त्यांनी ऑफिसात फोन लावला, तर तिथल्या दोन विभागांच्या व्याख्या वेगवेगळ्या निघाल्या. त्या दिवशी त्यांनी एकच क्वेरी लिहिली, पण तिच्या वर त्यांनी कोणती व्याख्या धरली आहे ते दोन ओळींच्या कॉमेंटमध्ये नोंदवून ठेवलं.

हे कागद जमा करून घ्या, फोटो काढून परत द्या, आणि तीन आठवड्यांनी एक तासाची ऑनलाइन भेट आत्ताच ठरवून टाका. त्या भेटीत नवीन काही शिकवू नका. प्रत्येकाने मधल्या काळात लिहिलेली एक क्वेरी आणि तिच्या आधी लिहिलेला ओळींचा अंदाज दाखवायचा. ज्यांचा अंदाज चुकला असेल त्यांच्यापासून सुरुवात करा.